कोण हाय का घरात?

रिकामं घर पाडायच्या आधी शालन वहिनी जेसीबी बंद करायला लावायच्या, त्या घरात शिरायच्या आणि हाक मारायच्या, "कोण हाय का घरात?"

घर रिकामं आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. दारावर नगरपालिकेची नोटीस, वीज तोडलेली, माणसं पुरामुळं शाळेतल्या छावणीत. तरी प्रत्येक खोलीच्या दाराशी त्या हाक द्यायच्या आणि थांबायच्या. मशीनवरचा दगडू पहिल्याच दिवशी वैतागला. "वहिनी, आतलं उंदीरबी पळालं. किती थांबायचं?"

"म्हाताऱ्या माणसाला उठून दारापतोर यायला जेवढा येळ लागतो, तेवढा."

मी कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत बांधकाम विभागात आहे. माझं काम मोजमापाचं. ठेकेदार सांगतो ते ऐकायचं आणि टेप सांगते ते लिहायचं. भाजीवाल्याचा काटासुद्धा मी तपासतो, अशी बायकोची तक्रार आहे. तेव्हा एका ठेकेदाराचं कौतुक करतोय ते मोजूनच करतोय, असं समजावं.

वहिनी आष्ट्याच्या. नवरा फौजेतून निवृत्त झाला, त्यानं मशीन घेतलं आणि वर्षाच्या आत तो गेला. दीर म्हणाले, मशीन विका. वहिनी म्हणाल्या, "इकलं तर पैसं संपत्याल. चालीवलं तर मशीन झिजंल, पर तवर मी शिकंन." त्यांनी ठेकेदार म्हणून स्वतःच्या नावाची नोंदणी केली. पहिल्या टेंडरच्या दिवशी एक जुना ठेकेदार उशिरा आला आणि त्यांना बघून म्हणाला, "वहिनी, ह्यो काय हळदी-कुंकवाचा कार्यक्रम न्हाई." वहिनी म्हणाल्या, "ते दिसतंयच. तिथं बायका येळेवर येत्यात."

पुरानंतर धोकादायक घरं पाडणं आणि राडारोडा उचलणं हे काम वहिनींना मिळालं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. उशीर झाला तर रोजचा दंड, आणि काम अडलं तर ठेका काढून दुसऱ्याला, अशी अट होती. तो दुसरा म्हणजे तोच जुना ठेकेदार. रोज सकाळी तो गल्लीत फेरी मारून जायचा.

नदीकडच्या गल्लीत मातीच्या विटांचं एक दुमजली घर होतं. पाण्यानं भिंत फुगून शेजारच्या घरावर कलली होती. ते त्या दिवशी पाडायचंच, असा मुख्याधिकाऱ्यांचा आदेश होता. वहिनींनी जिन्याखाली उभं राहून हाक मारली. त्या थांबल्या. मग माडीवरून आवाज आला, "कोण न्हाई!"

दगडू खो खो हसला. वहिनी हसल्या नाहीत. "मग कोण न्हाई त्यांनी खाली या. च्या सांगितलाय."

"च्या नगं. तुमी घर पाडाया आलाय."

आवाज घरमालकाचा, तात्यांचा होता. निवृत्त एसटी कंडक्टर. छावणीतून पहाटे निघून मागल्या दारानं आत शिरले होते.

"व्हय, पाडायाच आलोय," वहिनी म्हणाल्या. "भित्ताड शेजारच्या लेकरांवर पडाया लागलंय, तात्या."

"आणि पाडल्यावर माझी जागा कुठली, ते कोण सांगणार? समदी गल्ली चिखलानं एक झाल्या. आज भित्ती न्यालसा, उद्या जागा."

वहिनींना मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला, पोलीस पाठवू का? तो जुना ठेकेदार पानाच्या टपरीवरून ओरडला, "जमत नसंल तर सोडा वहिनी, आमी हाय!" वहिनींनी "पोलीस नगंत" म्हणून फोन कमरेच्या पिशवीत टाकला आणि माझ्याकडं वळल्या. "साहेब, टेप काढा. दुसरं टोक तात्यांच्या हातात द्या."

जागा मोजून देणं ठेक्यात नाही, मी म्हणालो.

"म्हाईत हाय. पर पाडल्यावर काय मोजणार, चिखल?"

तात्या उतरले. टॉवेलात देव बांधून आणले होते. ते त्यांनी वहिनींच्या ओंजळीत दिले आणि टेपचं टोक धरलं. "साहेब, ढिला धरू नगा," मला म्हणाले. आम्ही जोतं चारी बाजूंनी मोजलं. मी आकडे लिहिले, तात्यांनी ते दोनदा वाचून सही केली. वहिनींनी जोत्याच्या चार कोपऱ्यांच्या दगडांना चुना फासला आणि दगडूला बजावलं, "ह्या चार दगडांस्नी धक्का लागला तर उद्यापासनं तू मशीनवर न्हाईस."

घर वरून खाली, आतल्या बाजूला उतरवत आणलं. शेजारच्या भिंतीचा गिलावासुद्धा निघाला नाही. ऊन उतरेपर्यंत तिथं फक्त चार पांढरे दगड होते, आणि त्यांतल्या एकावर बसून तात्या चहा पीत होते.

नंतरच्या प्रत्येक घराचे चार दगड वहिनींनी राखले. त्यामुळे कामाला उशीर झाला. दंड मीच लावला. नियम तो नियम. सही करताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "बराबर मोजलाय न्हवं?" ठेका मात्र गेला नाही, कारण एकाही घराचं काम अडलं नाही. लोक स्वतः येऊन सांगायचे, आमचं घर पाडायला कधी घेताय? पुढं बांधकामं झाली, तेव्हा त्या गल्लीत हद्दीवरून एकही भांडण आमच्या कार्यालयात आलं नाही.

आता आमच्या पाडकामाच्या प्रत्येक टेंडरमध्ये दोन अटी असतात. कोपऱ्याचे दगड राखावेत. आणि प्रत्येक खोलीत हाक देऊन उत्तराची वाट पाहावी. परवाच्या बैठकीत शिरवळच्या एका तरुण ठेकेदारानं विचारलं, "वाट पाहावी म्हणजे किती वेळ? तसं लिहिलेलं नाही."

माझं काम आकड्यांचं. तरी मी उभा राहिलो आणि सांगितलं, "म्हाताऱ्या माणसाला उठून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा." त्यानं ते लिहून घेतलं.

हे वहिनींना सांगायला मी आष्ट्याला गेलो. मशीनचा कारभार आता लेक बघते. वहिनींचे गुडघे गेलेत. दार उघडंच होतं. मी हाक मारली आणि उंबऱ्याबाहेर थांबलो. बऱ्याच वेळानं काठीचा आवाज जवळ आला. मी सगळं सांगितलं, टेंडरमधल्या त्या दोन ओळी वाचून दाखवल्या.

वहिनींनी ऐकून घेतलं. "ह्यात लिवण्यासारखं काय हाय वं?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस हाक मारतंयच की."