तीन अग्नी, खाली झाड

बातमी सांगायला मे स्वतः आली. शेजारच्या लिनसाहेबांची मुलगी. दारातच म्हणाली, "आंटी, डॅड इज गॉन. झोपेतच." मी तिला आत घेतलं, चहा टाकला. तो दोघींनीही घेतला नाही.

इथे शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये मी सगळ्यांची काकू. घरात आजी, आणि हे होते तोवर नुसतं 'अगं'. लिनसाहेब मात्र कुंपणापलीकडून खणखणीत हाक मारायचे, "उषा!" तोही अस्सल पोटफोड्या ष, जीभ मागे वळवून. आपल्याकडे सगळे 'उशा'च म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं. ते म्हणाले, "माझं नावच या आवाजानं सुरू होतं." षन. सूर उंच आणि सपाट, तंबोऱ्याची एकच तार छेडावी तसा. मला तो यायला सबंध उन्हाळा लागला.

रिटायर झाल्यावर त्यांचा सकाळचा उद्योग एकच, जाड ब्रश पाण्यात बुडवून ड्राइव्हवेवर अक्षरं काढायची. उन्हानं वाळली की पुन्हा काढायची. एकदा त्यांनी स्वतःचं अक्षर दाखवलं. चिनी जन्मपत्रिकेतल्या पाच तत्त्वांपैकी अग्नीही कमी आणि लाकूडही, म्हणून आजोबांनी जुन्या कोशातून शोधलेलं. वर तीन अग्नी, खाली झाड. अर्थ, धडधडून पेटलेली आग. "बीजिंगमध्येसुद्धा लोक विचारायचे, हे वाचायचं कसं? इथे मग मी सॅम झालो." मी म्हटलं, "एवढी आग घेऊन शिकागोच्या थंडीत आलात, बरं केलंत." खूप हसले...

फ्यूनरल होममधल्या माणसानं विचारलं, नाव कसं उच्चारायचं? मे माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आंटी, आमच्यात वडिलांचं नाव घेत नाहीत. आय हॅव नेव्हर सेड इट. तुम्ही घ्याल?" मला नवल वाटलं नाही. ह्यांचं नाव मीही उखाण्यापुरतंच घेतलेलं. उभी राहिले आणि घेतलं. बरोबर आलं की नाही, हे सांगू शकणारे एकटे तेच होते.

मेनं तो ब्रश मला दिला. घर विकायला काढलंय. आता सकाळी मी माझ्याच ड्राइव्हवेवर पाण्यानं तीन अग्नी काढते, खाली झाड काढते, मोठ्यानं वाचते. फार एकटं वाटतं हो. काल अक्षर वाळल्यावर कुंपणाजवळ जाऊन स्वतःलाच एक हाक मारून पाहिली, "उषा!"... ष काही त्यांच्यासारखा आला नाही.