रेशमाची फिल्म झोपते तेव्हा

आधीच सांगून ठेवते — आमच्या घरात उतारा, धुपारा, अंगात येणं, असलं काही नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं टाकून दिलं. आईचा तर या प्रकारांवर इतका राग, की तिच्या रेशीम-अळ्यांच्या शेडच्या दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती मिरची सोडून भाजीत टाकेल. त्यात मी फिजिक्सवाली. तेव्हा वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही आधी हसलेच होते...

आमचं घर अमडापूरजवळ. आई तुतीचा पाला घालून रेशमाच्या अळ्या पाळते. मी बुलढाण्याला एका कॉलेजात पीएचडी करतेय. आईच्याच शेडमधले कोष उकळायचे, त्यातलं प्रोटीन वेगळं काढायचं आणि त्याची काचेसारखी पातळ फिल्म करायची, हे माझं काम. तिच्यात एक रंगद्रव्य मिसळलं की उजेड पडताच करंट वाढतो. उद्या अशी फिल्म अंगाला चिकटवून ऊन मोजता येईल. म्हणजे इतक्या वर्षांची माझी मेहनत एका नखाएवढ्या तुकड्यावर उभी!

आणि हा तुकडा अधूनमधून चक्क बंद पडायचा. दिवा लावा, टॉर्च मारा — करंट ढिम्म हलायचा नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप चालू! वाटलं, ओल असेल. कोरड्या बंद पेटीत ठेवला. वायरी बदलल्या. शेजारी विकतच्या रेशीम पावडरची फिल्म लावली, ती मात्र गुमान चालायची. डोकं फिरायची पाळी आली.

असंच वैतागून एकदा आईला फोन केला. एरवी कामात असणारी आई निवांत बोलत होती.

"आज मोकळी कशी गं तू?"

"अळ्या मोल्टवर बसल्या ना व माय. कात टाकतेत, तवा पाला नाही, हात लावनं नाही. झोपू दे त्याईले."

ठीक आहे, योगायोग. पण पुढच्या वेळी फिल्म बंद पडल्यावर मुद्दाम फोन केला... अळ्या झोपलेल्या. मग मी पेटलेच. आईला बजावलं, तू आपणहून काही सांगायचं नाही, मीच विचारीन. बॅचमागून बॅच गेली. फिल्म गप्प झाली की फोन, आणि दर वेळी शेडमध्ये अळ्या मोल्टवर. एकदाही चुकलं नाही हो! मला भीती वाटायला लागली. आई उलट माझ्यावरच उखडली, "माह्या शेडमधी भूत घुसवू नको. कारण असंन काही, शोध. नाही सापडलं तं नाही सापडलं असं लिही. पन खोटं नको लिहू."

लिहिलं. बंद दिवसांचा आलेख थीसिसमध्ये जसाच्या तसा ठेवला.

व्हायव्हाच्या दिवशी नेमकी फिल्म गप्प. गाइड सर हळूच म्हणाले, "विकतची लाव, कुणाला कळतंय?" मी नाही म्हटलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दिवा लावला. करंट शून्य. "मॅडम, हे तर मेलंय."

"झोपलंय, सर," तोंडातून निघून गेलं. सगळे हसले. असा संताप आला! तिथेच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"जयभीम आई. अळ्या काय म्हणतात?"

"उठल्या आता. थांब, पाला टाकून राह्यली..."

फोनमधून पाल्याची सळसळ आली, आणि स्क्रीनवरची करंटची रेघ सरळ वर गेली. परीक्षकांनी दिवा बंद केला — खाली. चालू केला — वर.

"काऊन व, गप काऊन झाली? झाली का तुही परीक्षा?" स्पीकरवर आईच.

परीक्षकांनी स्वतः पेटी उघडली, वायरी तपासल्या. शेवटी म्हणाले, "फिल्म उत्तम आहे. पण ते बंद दिवसांचं प्रकरण थीसिसमधून काढून टाका, मगच सही करतो. काय कारण देणार तुम्ही याचं?"

"माहीत नाही, सर. पण काढणार नाही."

सही अजून झालेली नाही. एका आलेखापायी डिग्री घालवू नकोस, असं गाइड सर रोज समजावतात. जाणकारांनो, ओल, तापमान, व्होल्टेज, जे सुचेल ते सांगा, मी सगळं करून पाहीन. मलाही भूत नकोय, कारण हवंय. ते मिळेपर्यंत आलेख आहे तिथेच राहणार, आणि त्याच्याखालचं माझं वाक्यही — कारण माहीत नाही.