समोरच्या दाराचं मत

सत्यशीला अकोल्याहून पुण्यात आली होती प्राध्यापक व्हायला; झाली मतं विचारणारी. निवडणुकीचे वारे वाहू लागले की वारज्याच्या खोलीतून निघायचं, कंपनी सांगेल त्या भागातली दारं वाजवायची आणि लोकांचा कल मोबाइलमध्ये भरायचा. पुणेकर दार उघडत, ओळखपत्र उलटसुलट पाहत, तिच्या 'काकाजी'तला 'जी' कमी करायला सांगत. मत तेवढं देत नसत.

बुधवार पेठेतल्या एका इमारतीत निवृत्त बँक कारकून श्रीधर गद्रे यांनी तिला दारातच थांबवलं. "मतदान गुप्त असतं. आमच्या हिनंही मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

मग आवाज खाली आणून त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. त्या मंदाकिनीबाई पक्क्या सरकारच्या बाजूच्या, म्हणूनच गेल्या निवडणुकीपासून आपलं बोलणं बंद आहे, हे मात्र त्यांनी न विचारता सांगितलं. सत्यशीलानं समजावलं, की नाव कुठंच लिहीत नाही. तेव्हा बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर त्यांनी स्वतःचं मत पुटपुटलं: विरोधकांना.

समोर मंदाकिनीबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी पाणी दिलं आणि गद्रे कसे सरकारचे भक्त आहेत, ते रंगवून सांगितलं. "आणि तुमचं मत?" तिनं विचारलं.

"विरोधकांना. दुसरं कुणाला देणार?"

सत्यशीलाला हसू आवरेना. बाईंनी कारण विचारलं. ते गुप्त असतं, असं म्हणून तिनं पाण्याचा घोट घेतला, तोच तिला ठसका लागला.

गद्र्यांच्या जाळीच्या दारामागं हालचाल झाली. ते तिथंच कान लावून उभे होते.

"म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की," ते बाहेर येत म्हणाले.

"तुमच्यातल्या कशाला? तुम्ही आमच्यातले."

एवढं ठरायलाच चहा झाला. मग दोघांनी मिळून तिचा प्रश्न वाचायला मागितला आणि त्यातल्या व्याकरणाच्या चुका काढायला घेतल्या. एका चुकीवरून त्यांचं पुन्हा फाटतं की काय, अशी वेळ आली. पण चूक मुळात कंपनीची, यावर एकमत झालं.

तेवढ्यात तिचा साहेब केयूर याचा फोन आला. एकाच मजल्यावर इतका वेळ काय चाललंय, असं त्यानं वैतागून विचारलं.

"सर, लोक बोलायला लागलेत," सत्यशीला म्हणाली आणि तिनं चहाचा कप पुढं केला. मंदाकिनीबाईंनी तो पुन्हा भरला.