मशीन ऐकव

सर प्रख्यात लेखक. बाई त्यांच्या टायपिस्ट. बावीस वर्षं सरांच्या पुस्तकांतलं अक्षरन् अक्षर बाईंच्या बोटांखालून गेलं, पण बाईंचं नाव एकाही पुस्तकात नाही. एका अर्पणपत्रिकेत मांजराचं आलं. “मांजर घरचं. मी कामावरची,” एवढंच बाई म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या रविवारीही कामावर येत. घरी वाट पाहणारं कोण होतं?

सरांच्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणत. बाईंच्या हिशेबी वर्षाचे दोनच ऋतू होते: रिबनचा आणि धुळीचा. रिबनच्या दिवसांत सर झोपतच नसत. येरझारा घालत एका दमात तीन कादंबऱ्या सांगत. “बाई, घ्या! नाही, खोडा! थांबा, राहू द्या, झकास आहे!” आठवड्याला टाइपरायटरच्या दोन रिबनी संपत. मग एका सकाळी सर भिंतीकडे तोंड करून निजत आणि मशीनवर धूळ बसू लागे. येणारेजाणारे कौतुकाने म्हणत, मोठे कलावंत असेच असायचे. बाई पुटपुटत, “मोठ्या कलावंतांना आंघोळ माफ असते का?”

परगावच्या ताई, म्हणजे सरांची थोरली बहीण, दर रविवारी दुपारी फोन करत. भाऊ कसा आहे असं विचारलं की ‘बरा आहे’ हेच उत्तर मिळणार, हे त्या ओळखून होत्या. म्हणून बाईंना म्हणत, “मशीन ऐकव गं.” टकटक ऐकली की निर्धास्त.

यंदा धूळ बसली, तेव्हा बाईंना वाटलं, ताईंच्या म्हाताऱ्या जिवाला घोर कशाला? त्यांनी रिसीव्हर मशीनशेजारी ठेवला आणि आपल्याच मनाने टाइप केलं: ‘सर आज दोन घास जेवले. वरण सांडलं. काल जेवलेच नव्हते.’

“स्वारी जोरात आहे की!” ताई म्हणाल्या.

“हो ना,” बाई म्हणाल्या. आठवडाभरात बाईंशी कुणी बोललं असेल तर ते एवढंच.

असे अकरा रविवार गेले. बाराव्याला सर शांतपणे म्हणाले, “बाई, मशीन तुम्ही घरी न्या. मला आता लागणार नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. “ऐकव गं.”

बाईंनी सवयीने कागद चढवला, बोटं बटणांवर ठेवली. आणि उचलून घेतली.

“काय गं, आज सुट्टी वाटतं?” मग जरा वेळाने, “बाई?”

“तीन महिने मीच बडवतेय, ताई. ते उठलेलेच नाहीत. आज म्हणाले, मशीन घरी न्या. मला भीती वाटते. तुम्ही या.”

ताई कडाडल्या, “अक्कल गहाण टाकली होतीस का? डॉक्टरांना आत्ता फोन लाव. मी निघाले. त्याला एकटं सोडायचं नाही!”

डॉक्टरांना कळवून बाईंनी आपली खुर्ची आत नेली, सरांच्या पलंगाशी. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्या पहिल्यांदाच बसल्या.

“आज मशीनचा आवाज का नाही?” सरांनी भिंतीलाच विचारलं.

“ताई येतायत.”

“रागावली?”

“खूप.”

“मग येईल,” सर म्हणाले.