सारजाबाईची मोहफुलं

पाटोद्यापासून दोन कोसांवरच्या वाडीत सारजाबाई कलालीण राहायची. नवरा गेल्यावर वीस वर्षं तिनं एकटीनं मोहाची भट्टी चालवली. स्वतः कधी थेंब चाखला नाही. नुसत्या वासावर दारू कशी उतरली ते सांगायची. भांडखोर गिऱ्हाईक आलं की अंगणातूनच परतवून लावायची, "आधी घरी जाऊन भाकर खा."

मग निजाम सरकारचा नवा कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या बंद. दारू आता सरकारी कारखान्यात गाळायची आणि मोहरबंद पिंपांतून परवान्याच्या दुकानात जायची. आबकारीचे जमादार विठ्ठलराव आले आणि तिचा दारू गाळायचा तांब्याचा हंडा गाडीत घालून घेऊन गेले. सारजाबाई रडली-ओरडली नाही. एवढंच विचारलं, "आन् घरातल्या फुलांचं काय करू, साहेब?"

"फुलं तुझी. गाळायची मातर न्हाईत."

तीन पोती सुकी फुलं होती. आठ दिवस ती भट्टीच्या थंड चुलवणाकडं बघत बसली. नवव्या दिवशी चुलवण मोडलं, जागा सारवली आणि खापरावर फुलं भाजायला घेतली. दुष्काळात तिची आई तीळ घालून मोहाचे लाडू करायची, ते हाताला आठवत होतं. पाटोद्याच्या बाजारात पहिल्याच दिवशी टोपली रिकामी झाली.

महिन्याभरात कुणीतरी चुगली केली, कलालीण लाडवात दारू विकते. भर दुपारी विठ्ठलराव दारात हजर. सारजाबाईनं ताटलीत दोन लाडू ठेवले. त्यांनी एक हुंगला, फोडला, खाल्ला आणि ओट्यावर बसून राहिले.

"काय झालं, साहेब?"

"थांब. चढतीया का बघतो."

शेजारची छबुबाई तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. बऱ्याच वेळानं जमादारांनी दुसराही लाडू उचलला. "नशा न्हाई ह्याच्यात. पर लई फुलं साठवू नको, कायद्यात बसत न्हाई."

"मंग किती ठेवू?"

विठ्ठलरावांनी डोकं खाजवलं. "वर इचारून सांगतो."

वरून उत्तर कधी आलंच नाही. सारजाबाई थकेपर्यंत लाडू विकत राहिली. भट्टीची मात्र तिला आठवण यायची, आणि ते ती लपवत नसे. एकदा बाजाराला जाताना परवान्याच्या दुकानापुढं ती थबकली. वाऱ्यावर आलेला वास घेतला.

"पाणी लई हाय," ती छबुबाईला म्हणाली, आणि डोक्यावरची टोपली सावरून पुढं चालू लागली.