कुंकू लावलेला करारनामा

"सह्या झाल्यात ना, मग काळजी कसली?" असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं सणकतं.

आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. समाजातल्या मंडळींनी दोघांना समोर बसवून करारनामा केला: मुलगी आईकडे राहील, वडील दरमहा पोटगी देतील. घरातली गोष्ट घरातच बरी म्हणून तो कोर्टात दाखलच केला नाही. लिहिला समाजातल्या एका म्हाताऱ्यांनी, सुरेख कानडीत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच एकट्यांची.

आईला वाचता येत नव्हतं. कागद देवापाशी असायचा. दर दसऱ्यात आयुधपूजेला ती शिलाई मशीनला हळदकुंकू लावायची तसं त्या कागदालाही लावायची, भिजवून, नेमकं सह्यांवर. मग मला तो मोठ्यानं वाचायला सांगायची. चार वर्षांत सह्यांच्या जागी नुसता लाल चिखल उरला. माझी भोळी आई!

तोवर वडिलांनी दुसरा संसार थाटला. पोटगी जड झाली, म्हणून मुलगीच माझ्याकडे द्या, असा त्यांनी कोर्टात अर्ज केला. करार? असा करार झालाच नाही म्हणे! लाज कशी वाटली नाही या माणसाला? आमच्या कागदावर तर एक सही धड दिसेना. राहिले अण्णा. ते वडिलांच्याच घरात भाड्यानं राहत होते. पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, वय झालं, स्वल्पसुद्धा आठवत नाही. आईनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

न्यायाधीशांनी मला पुढे बोलावून विचारलं, कुणाकडे राहायचंय? मी इतकी संतापले होते की उत्तर देण्याऐवजी करारनामाच म्हणायला लागले, पहिल्या ओळीपासून. "मुलगी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आईकडे राहील..."

"अठरा नव्हे," मागच्या बाकावरून अण्णा म्हणाले, "लग्न होईपर्यंत, असं लिहिलंय मी."

न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. मी आईकडेच राहिले.

मुद्दाम चुकलीस का, असं लोक विचारतात. नाही हो, रागानं चुकले. आईचं लेकरू जात होतं, ते अण्णा मुकाट बघत बसले. स्वतःच्या मसुद्यातला एक शब्द बदललेला मात्र त्यांना सहन झाला नाही.