दोन भाकरींचं पिल्लू

आमच्या थोरल्या साडूंइतका उतावीळ माणूस अख्ख्या निजाम राज्यात दुसरा नसावा. उमरग्यात घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. चहा निवेपर्यंत थांबणं त्यांना कधी जमलं नाही. तोंड भाजून घ्यायचे आणि चहालाच शिव्या द्यायचे. अर्धी दाढी झाली की न्हाव्यापुढून उठायचे, आणि उरलेली अर्धी करायला त्यानं दुकानात यावं अशी त्यांची अपेक्षा असे. लग्नात बाकीच्यांचे हात वर जाण्याआधीच त्यांच्या अक्षता नवरदेवाच्या डोक्यावर पडलेल्या असत.

असा हा गृहस्थ, दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास, माकणीहून कापसाच्या गाडीत बसून आला तो उपरण्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन. घरात मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अक्का. घरी रोज इष्टलिंगाची पूजा असे, आणि सारवलेल्या जमिनीवर कशाचा डाग पडला तरी अक्का पुन्हा सारवायला बसत. त्यांनी एकच अट घातली. पूजा चालू असताना पिल्लानं घरात घाण केली, तर त्याच दिवशी ते माकणीला परत जाईल.

साडूंचा घड्याळावर विश्वास नव्हता. त्यांनी अक्कांच्या ज्वारीच्या भाकरीचं माप धरलं. दोन भाकरी तव्यावरून उतरल्या की पिल्लू परसातल्या लिंबाखाली. ते अंगवळणी पडलं की तीन भाकरी, मग चार. चुलीवर तवा नसेल तेव्हा अंदाजानं मनातल्या मनात भाकरी थापायचे. पिल्लू चुकलं तर चापटी स्वतःच्याच गालावर मारून घ्यायचे. "त्याची चूक न्हाय. म्याच येळ लई ताणली," म्हणायचे आणि एक भाकरी कमी करायचे. एकदा तहसिलीचे पेशकार शेरवानीचं कापड घ्यायला आले होते. साडू हातात गज घेऊन मोजता मोजता थबकले, "साब, जरा ठहरो, बच्चे को लगी है," म्हणाले आणि आत पळाले. परत आल्यावर पेशकारांनी उशिरा झालेल्या मुलाबद्दल त्यांना मुबारकबाद दिली. साडूंनी ती घेतली.

मग श्रावणातल्या सोमवारी पूजा करवायला जंगमस्वामी घरी आले. स्वामींना कसलीच घाई नव्हती. पूजा लांबत गेली. साडूंच्या डाव्या तळहातावर लिंग होतं. ते असताना उठता येत नाही, नजरही हलवायची नसते. कोपऱ्यात गोणपाटावरचं पिल्लू आजवर कधी थांबलं नव्हतं इतकं थांबलं होतं. शेवटी ते उठलं, स्वतःभोवती फिरलं आणि कुंई कुंई करू लागलं. साडूंची नजर लिंगावर होती, कान मात्र लाल झाले होते.

पुढचा भाग मी आयुष्यभर लग्नाकार्यांत रंगवून सांगितला. माझ्या गोष्टीत पिल्लू स्वामींच्या कफनीवर धार सोडायचं आणि अक्का केरसुणी घेऊन नवऱ्याच्या आणि पिल्लाच्या मागं धावायच्या. लोक लोळून हसायचे. सोलापूरच्या एका लग्नात अक्काही ऐकत होत्या. तोंडाला पदर लावून त्याही हसल्या. मी तेव्हाही थांबलो नाही.

घडलं ते असं. अक्का मडीत होत्या, म्हणजे पूजेसाठी धुतलेलं लुगडं नेसून, कुणालाही न शिवता. त्यांनी हातातला बेल खाली ठेवला, पिल्लाला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि परसात गेल्या. परतल्या त्या विहिरीवर पुन्हा अंघोळ करून, ओल्या केसांनी. बसता बसता साडूंना हळूच म्हणाल्या, "आज लई धरलं बघा लेकरानं."

माकणीचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या दिवसापासून कुत्र्याला बाहेर जायचं असलं की ते साडूंकडं जात नसे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन अक्कांकडं बघत उभं राही.

पोलीस ॲक्शनच्या वर्षी अक्का तापानं गेल्या. नंतर मी उमरग्याला गेलो तेव्हा कुत्रं थकलं होतं. त्याला पुन्हा थोड्या थोड्या वेळानं न्यावं लागे. दर वेळी ते आधी त्या उंबऱ्याशी जाई आणि आत बघत राही. साडू चार पावलं मागं थांबत.

"हाक मारा की त्याला," मी म्हणालो.

"राहू द्या, पाव्हणं," साडू म्हणाले. "त्याचं बघून झालं की येतंय आपसूक."